पिशवी कुणाच्या पाठीवर

किस्से जमायला पंक्चर लागतं. सायकल नीट चालत असली की माणूस मान खाली घालून पेडल मारतो, घामाघूम होतो आणि घरी येऊन पोहे खातो. त्यात सांगण्यासारखं काय आहे? चाक बसलं की मात्र चौघं रस्त्याच्या कडेला उकिडवे बसतात. एक जण काम करतो आणि तिघं अक्कल शिकवतात. सगळे किस्से तिथे सुरू होतात. आमच्या ग्रुपमध्ये ट्यूबलेस टायर आला तेव्हा मला वाटलं, आता पंक्चर बंद, म्हणजे किस्सेही बंद. पण मी आमच्या लोकांना कमी लेखलं होतं.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. खैरनार सर शाळेत मला फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहेत. माझी मुलगी कॉलेजला गेली तरी ते मला हजेरी घेतल्यासारखं माहेरच्या आडनावानं ‘पगारे’च म्हणतात. भामरे मूळचा सटाण्याकडचा, त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. अंगानं भरभक्कम आणि मिशी त्याहून भरभक्कम. मुन्नाशेठ पंचवटीतला किराण्याचा होलसेलवाला. त्याच्या सायकलीची किंमत विचारायची नाही असं आम्ही ठरवलंय, कारण तो सांगतो. आणि चौथी मी, बँकेत नोकरी करणारी. दर रविवारी पहाटे आम्ही ‘डोंगरात जातो’ असं घरी सांगून निघतो आणि बऱ्याचदा मिसळीपर्यंतच पोचतो.

*

आमच्यात एक पिशवी आहे. पाठीवर लावायची, जाड कापडाची. तिच्यात पंप, पाने, पॅच, सोल्यूशन, सगळ्यांच्या स्पेअर ट्यूबा आणि तळाशी कुणीतरी कधीतरी ठेवलेला आलेपाकाचा पुडा. ती उचलायला कुणालाच नको असायची, म्हणून सरांनी नियम केला. शेवटचं पंक्चर ज्याचं, पिशवी त्याच्या पाठीवर. पुढचं पंक्चर दुसऱ्या कुणाचं होईपर्यंत.

नियम चांगला होता, फक्त बाभळीचे काटे भामरेवर खूश होते. आम्ही तिघं जिथून सुखरूप जायचो तिथेच त्याचं चाक बसायचं. पिशवी त्याच्याकडे इतकी राहिली की वहिनींनी दाराजवळ तिच्यासाठी वेगळी खुंटी ठोकून घेतली आणि येताजाता तिच्यातून भाजीही आणायला लागल्या.

एका रविवारी भामरे घामानं निथळत परत येत होता. खालच्या मजल्यावर नव्यानंच राहायला आलेल्या बाईंनी त्याला जिन्यात अडवलं.

“दादा, माझं पार्सल आणलं का?”

भामरे म्हणाला, “नाही ताई. हे माझंच आहे. गेल्या वर्षापासून.”

त्या दिवशी त्यानं ठरवलं, ट्यूबलेस करायचं.

*

ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते. टायरच रिमला घट्ट चिकटून बसतो आणि आत दुधासारखं एक द्रव ओततात. काटा घुसला की ते भोकात जाऊन सुकतं आणि भोक बुजतं. भामरे त्याला चीक म्हणतो, रुईच्या पानाचा निघतो तसा. एवढंच, की टायर पहिल्यांदा रिमवर बसवायला हवा एकदम दणक्यात भरावी लागते. हातपंपाचं ते काम नाही; एकदा बसला की मग हातपंप चालतो.

मुन्नाशेठच्या दुकानाशेजारी मोटारींच्या टायरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे. भामरे तिथे गेला. मुन्नाशेठ एका पाहुण्यांच्या वास्तुशांतीला निघाला होता, अंगात मरून रंगाचा रेशमी कुर्ता. पण चाकाचा विषय असला की तो थांबतोच. तो वाकून सांगू लागला, “अजून भर. अजून. मी व्हिडिओ बघितलाय.”

फाडकन आवाज झाला आणि टायर रिममधून निसटला. समोरचा कोथिंबीरवाला हातगाडीखाली गेला. एक रिक्षा उगाचच थांबली. आतला सगळा चीक मुन्नाशेठच्या तोंडावर, कानशिलापासून हनुवटीपर्यंत पांढराशुभ्र.

वरच्या मजल्यावरून त्याच्या बायकोनं खाली डोकावून बघितलं आणि ओरडली, “अहो, मुहूर्त निघून चाललाय आणि तुम्ही आत्ता दाढी करताय?”

दुसऱ्या खेपेला टायर बसला. भामरेनं चाक गरागरा फिरवून बघितलं आणि मिशीवर हात ठेवून आमच्यासमोर जाहीर केलं, “आता ही पिशवी माझ्या पाठीवर पुन्हा दिसली, तर ही उतरवीन.”

पुढच्याच रविवारी माझं पंक्चर झालं. माझ्या चाकात ट्यूबच होती. भामरेनं पिशवी स्वतःच्या हातानं माझ्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि वर थोपटली. मुलगी सासरी पाठवताना माणसं रडतात, हा हसत होता.

*

मधे सरांच्या छातीत दुखलं. स्टेंट टाकला. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा, चढ सावकाश घ्या, पण ओझं अजिबात उचलायचं नाही. काकूंनी त्यावर स्वतःची अट घातली. आम्हा तिघांना बोलावून, चहा देऊन, आमच्या देखत.

“ज्या दिवशी हे अर्ध्या वाटेवरून गाडीत बसून घरी येतील, त्या दिवशी सायकल भंगारात जाईल. मी स्वतः नेऊन टाकीन.”

काकू बोलतात ते करतात. सरांची सिगारेट अशीच एका दिवसात सुटली होती. आणि सायकल गेली तर सरांकडे दुसरं काही नव्हतं. त्यांना टीव्ही आवडत नाही, देवळात ते जात नाहीत आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांनी एकदाच जाऊन तिघांची भौतिकशास्त्रातली चूक काढली होती.

बाहेर पडताना भामरे म्हणाला, “सर, तुम्हाला पिशवीतून सूट देऊन टाकू. सर्वानुमते.”

सर एकदम ताठ झाले. “माझं हृदय बिघडलंय. नियम बिघडलेला नाही.”

झालं. म्हणजे सरांचं पंक्चर होऊ द्यायचं नाही, एवढाच मार्ग उरला. सर चहा प्यायला लागले की आम्ही आळीपाळीनं त्यांच्या टायरवरून हात फिरवायचो आणि काटे वेचायचो. एकदा मी पकडली गेले.

“पगारे, चाकाची नाडी काय बघतेस? माझी बघ.”

तुम्हीपण ट्यूबलेस करा, म्हणून आम्ही मागे लागलो. सर म्हणाले, “आत काय चाललंय ते दिसत नाही अशा वस्तूवर माझा भरवसा नाही.”

मुन्नाशेठ बोलून गेला, “सर, तुमच्या छातीत काय चाललंय ते तरी कुठं दिसतंय?”

सरांनी छातीवर एक बोट टेकवलं. मग म्हणाले, “म्हणून तर चाकात नको. एक पुरे.”

*

सायखेड्याच्या रस्त्याला भामरेच्या चाकात खिळा घुसला. आम्ही नदीकाठी एका शेताच्या बांधाजवळ थांबलो. त्यानं खिळा उपटला, चीक फसफसला, चाक दोन-चार वेळा फिरवलं आणि फसफस बंद. हवा होती तेवढी राहिली.

“काहीच नही व्हयनं,” भामरे म्हणाला. तो खूश असला की त्याची अहिराणी बाहेर येते.

मी पिशवी काढून त्याच्यापुढे धरली. “पंक्चर झालं. घे.”

“कुठं झालं ताई? चाक तर पळतंय.”

“भोक पडलं ना?”

“पडलं आणि बुजलं.”

सर माझ्या बाजूनं होते. “छिद्र पडलं ही एक घटना, बुजलं ही दुसरी. दुसरीनं पहिली पुसली जात नाही.” मुन्नाशेठ भामरेच्या बाजूनं होता. “सर, दाताला कीड लागली आणि डॉक्टरनं भरली, तर दात पडला म्हणायचं का?” आम्ही खाली बसून भांडलो. चांगलं ऐसपैस बसून भांडलो. डबे उघडले, खाऊन झालं, तरी निकाल लागेना.

तेवढ्यात शेतातून एक बाबा आले आणि जवळ उभे राहून ऐकू लागले. सरांनी त्यांनाच पंच केलं आणि सगळा खटला सविस्तर सांगितला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बैलाच्या पायात काटा घुसला अन् बैल लंगडला, तर काटा लागला म्हनायचं. बैल चालतच राह्यला तर कशाचा काटा?”

सर खूश झाले. “मान्य. आजपासून चाक थांबलं तरच पंक्चर.”

“ते तुमचं तुमी बघा,” बाबा म्हणाले. “पन आता उठा. मघापासून तेच सांगायला उभा हाय. माझ्या कांद्याच्या रोपावर बसलाय तुमी.”

पिशवी माझ्याकडेच राहिली. पाठीमागे कांद्याची पात चिकटली होती ती घरी गेल्यावर मुलीनं दाखवली.

*

मुन्नाशेठची चाकं कार्बनची. वजनाला हलकी, पोलादापेक्षा टणक, असं तो दर रविवारी सांगतो. आणि खरंच, दगडगोट्यांतून, ओढ्यांतून, पेठकडच्या उतारावरून त्यानं ती बेफाम हाणली, रिमला ओरखडा नाही. आम्हाला मनातून वाईट वाटायचं, पण काय करणार.

ती चाकं फुटली पंचवटीत, त्याच्या स्वतःच्या दुकानासमोर. तो चालण्याच्या वेगानं येत होता. समोरून रिक्षा उलटी आली, तिला चुकवायला त्यानं सायकल गटाराच्या ढाप्यावर घेतली. ढापा हलला आणि रिमला हातभर चीर गेली.

वॉरंटी होती. त्यानं कंपनीला ईमेल केला. त्यांनी विचारलं, अपघाताच्या वेळी भूभाग कोणता होता? त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, घरासमोरचा रस्ता. कंपनीनं रस्त्याचा फोटो मागवला. त्यानं सकाळच्या वेळचा गल्लीचा फोटो पाठवला. ढापा, खड्डे, मधे बसलेली गाय, भाजीच्या पाट्या, दोन रिक्षा आणि नळाच्या कामाचा चर, सगळं त्यात होतं.

उत्तर आलं, ‘क्षमस्व. खास तयार केलेल्या स्पर्धेच्या ट्रॅकवर झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’

*

पावसाळा सरल्यावर आम्ही सुरगाण्याला गेलो. शनिवारी रमतगमत पोचलो, भामरेच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी नागलीच्या भाकरी खाल्ल्या, मुक्काम केला. जाताना उतार असतो, म्हणून सगळे शूर असतात. येताना घाट चढावा लागतो.

चढ सुरू झाला आणि सरांचं चाक बसलं. आम्ही सकाळीच टायर तपासला होता, पण घाटातला काटा कोण आधी तपासणार? सरांनी कुणाला हात लावू दिला नाही. ट्यूब स्वतः बदलली, हवा भरली, हात पुसले आणि माझ्यासमोर हात पसरला.

“पगारे, पिशवी.”

“सर, राहू द्या. मला सवय झालीय.”

“उत्तर येत नसलं की वर्गातही तू विषय बदलायचीस. दे.”

मुन्नाशेठ म्हणाला, “सर, डॉक्टरांनी सांगितलंय...”

“डॉक्टर घाटात नाहीत.”

त्यांनी पिशवी पाठीवर घेतली आणि निघाले. पहिल्या वळणापर्यंतसुद्धा गेले नाहीत. उतरले, हँडलवर रेलून उभे राहिले, चेहरा राखेसारखा झाला. मला त्या क्षणी त्या पिशवीचा, त्या नियमाचा आणि सरांचाही मनापासून राग आला.

मागून एक जीप आली. आत माणसं, टपावर पोती. ड्रायव्हरनं सरांकडे बघून ब्रेक मारला. “बाबा, बसा. सायकल टाकू टपावर. वणीपर्यंत सोडतो.”

सर ‘नको’ म्हणाले नाहीत. ते जीपकडे नुसते बघत राहिले. काकूंचं वाक्य आम्हा तिघांच्याही कानात होतं.

तेवढ्यात मागे स्स्स असा लांबलचक आवाज झाला. वळून बघितलं तर भामरे पुढच्या चाकाशी वाकला होता. चाक पार सपाट.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“पंक्चर,” भामरे म्हणाला. शब्द जरा जाड येत होता.

सर हळूहळू त्याच्यापर्यंत चालत गेले. “भामरे, पंक्चरचा आवाज असा नसतो.”

“ट्यूबवाल्याचा नसतो सर. ट्यूबलेसचा असाच राहतो.”

“काटा कुठे आहे?”

“पडला असेल.”

“छिद्र?”

“बुजलं.”

“आणि हवा?”

“गेली. चाक थांबलं ना सर, बघा.”

जीपवाला कंटाळून निघून गेला. सरांनी एकेक पट्टा सोडवून पिशवी उतरवली, आतून पंप काढला आणि पिशवी भामरेच्या खांद्याला अडकवली.

“नियम म्हणजे नियम,” ते म्हणाले. “हवा भर. आणि ती वॉल्व्हची टोपी तोंडातून काढ. चढावर गिळशील.”

संध्याकाळी काकू फाटकात उभ्या होत्या. सर सायकलवरून उतरले.

पुढच्या रविवारी भामरे आला तेव्हा पाठीवर पिशवी होती आणि ओठावर मिशी नव्हती. मुन्नाशेठनं तोंड उघडलं, मी त्याचा पाय दाबला. सरांनी एकदा भामरेच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग सायकलवर बसत म्हणाले, “बरं झालं. हवेचा अडथळा कमी झाला.”