नुजहतचं गाणं, निजामुद्दीनची पट्टी

दारव्ह्यात कोणाच्या विहिरीवरची मोटार जळली की ती निजामुद्दीनच्या दुकानात येऊन पडायची, आणि आणणारा माणूस मोटारीबद्दल बोलायच्या आधी विचारायचा, "मास्तर, शनिवारी काय ऐकवता?" तांब्याची तार गुंडाळणारा हा माणूस मास्तर कशाचा, हे परगावच्याला कळत नसे. दारव्ह्याला ते सांगावं लागत नव्हतं.

यवतमाळ रोडवर भीमसिंग राठोडचं हॉटेल होतं. मागे परमिट रूम, पुढे हिरवळ, कडुनिंबाला रंगीत दिव्यांच्या माळा आणि त्या निंबाखाली फूटभर उंचीचा ओटा. ओट्यावर गादी, हार्मोनियम आणि एकच माईक. दर शनिवारी संध्याकाळी निजामुद्दीन इस्त्रीची बंडी घालून, डोळ्यात सुरमा लावून त्या गादीवर बसे. त्याचा आवाज कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यात घडलेला. तरुणपणी तो तिथे मशीनला तेल द्यायचा, आणि धडधडाटात पलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून गाता गाताच ओरडायला शिकला. हंगामात कापसाचे व्यापारी टेबलं जोडून बसत आणि फर्माईश करत. निजामुद्दीनने कव्वालीची तान वर नेली की परमिट रूममधली माणसं ग्लास हातात घेऊन दारात येत. "माईक त नावाले ठेवला मास्तरनं," असं भीमसिंग कौतुकाने म्हणे.

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. दोन जिनिंगांची फाटकं बंद झाली. हॉटेलात आता जोडलेली टेबलं दिसत नसत. बियाण्याच्या कंपन्यांची परगावची पोरं आणि गावातली दोन-चार जुनी मंडळी येत, हळू बोलत, डाळीत भाकर कुस्करत बसत. निजामुद्दीनने तान घेतली की कोणी तरी दचकून वर पाही, आणि पुन्हा ताटात बघे. निजामुद्दीन म्हणे, माईक खराब आहे.

नुजहत ही त्याच्या घराशेजारच्या शहजादची मुलगी. शहजाद दारव्हा-यवतमाळ जीप चालवायचा. मुलगी बी.ए. झालेली, सावळी, उंच, बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहायची सवय असलेली. लग्नघरी बायकांच्या ढोलकीवर तिला गाताना निजामुद्दीनच्या बायकोने, जोहराबीने ऐकलं आणि हाताला धरून घरी आणलं. "अजी, या पोट्टीचा गळा पाहा." निजामुद्दीनने पाहिला. मनापासून शिकवलंही. हार्मोनियमवर तिची पट्टी, म्हणजे मूळ सा, काळी चार; त्याची काळी दोन. म्हणून तिच्यासाठी भाता धरताना त्याची बोटं सवयीने चुकत आणि दोघं हसत.

भीमसिंगने तिला शनिवारी दोन गाणी म्हणायला बोलावलं, तेव्हा शहजादने अट घातली, निजामचाचा शेजारी बसले पाहिजेत. तसे ते बसत. ती सिनेमातली गाणी नीटनेटकी म्हणायची, लोक नीटनेटक्या टाळ्या द्यायचे. निजामुद्दीन मान डोलवायचा. इथपर्यंत त्याच्या मनात काही नव्हतं.

एका दुपारी ती अंगणात आली आणि म्हणाली, "चाचा, हे मी जोडलं. ऐकता का?"

तिने म्हटलं ते असं होतं:

"जीप भरली, हॉर्न झाला, उन्हं गेली खाली,
तुह्यासाठी रुमाल टाकून बसली मी एकली."

दारव्ह्याच्या स्टँडवर जीपमध्ये जागा धरायला रुमाल टाकतात, हे निजामुद्दीन रोज पाहत होता. त्यावर गाणं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षं तो गात होता आणि दुसऱ्याच्याच ओळी गात होता. दोनदा स्वतः लिहायला बसला, तर चाँद आणि शमा यांच्या पुढे काही सुचलं नव्हतं.

"जीपवर कोणी गाणं करते काय?" तो म्हणाला. "इश्क कुठी आहे याच्यात?"

"रुमालात आहे न, चाचा."

आतून जोहराबी हसली. तिचं ते हसणं त्याला संध्याकाळपर्यंत ऐकू येत राहिलं.

त्यानंतर त्याला बारीकसारीक दिसू लागलं. नुजहत आली की ऑक्टोपॅडवाला श्रावण आधी तिला पाणी देतो. वेटर तिचं गाणं संपेपर्यंत ताट घेऊन खांबापाशी थांबतो. आपण गातो तेव्हा मात्र चमचे वाजतात. चमच्यांचा आवाज आधीही असेलच, पण तो आता मोजल्यासारखा कानावर पडे. घरी जेवताना तो जोहराबीला म्हणाला, "त्या पोट्टीच्या आवाजात दम नाई. माईक काढला त मेली."

"मंग कायले घाबरता?" जोहराबीने भाकर वाढत विचारलं.

"मी? मी काहून घाबरू?"

"भाकर घ्या. तिच्यात दम आहे."

दिवाळीच्या आधी भीमसिंगने दोघांना गल्ल्यापाशी बोलावलं. तो स्पष्ट बोलणारा, पण त्या दिवशी बडीशेपेच्या वाटीत चमचा फिरवत राहिला. "मास्तर, गिऱ्हाईक तुमी पाहूनच राह्यले. दिवाळीपासून शनिवार एकाचाच ठेवतो. येत्या शनिवारी रामरावजी आपल्या लोकाइले घेऊन येऊन राह्यले. दोघंही गा. मंग पाहू."

रामराव म्हणजे पूर्वी कापसाच्या हंगामात सगळ्यात मोठी पंगत घेऊन येणारे शेतकरी. निजामुद्दीनचे जुने चाहते. तरी निजामुद्दीनला त्या आठवड्यात एकही मोटार धड गुंडाळता आली नाही. गादी गेली तर दारव्ह्यात त्याला मास्तर कोण म्हणणार होतं? मोटारवाला म्हणतील. निजाम मोटारवाला.

शनिवारी तो आधी गायला, आणि जीव तोडून गायला. रामरावांनी "वा मास्तर" म्हटलं, पण त्यांचा हात शेजारच्याच्या खांद्यावर होता आणि ते त्याला काहीतरी सांगत होते. मग नुजहत पुढे सरकली. तिने हळूच सांगितलं, "चाचा, रुमालाचं म्हणते. काळी चार."

निजामुद्दीनने भाता उघडला आणि काळी दोन दाबली.

चूक म्हणून खपून गेली असती. त्याची बोटं त्या पट्टीवर जातातच, हे साऱ्यांना माहीत. पण बोटं चुकली नव्हती. काळी दोनवर या पोरीला एकच वाट होती, वर चढायची. आणि वरच्या अंतऱ्याला तिचा गळा फाटणार, हे शिकवणाऱ्याइतकं कोणाला कळणार? श्रावणने ठेका धरला. आता थांबता येत नव्हतं.

नुजहतने त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग माईक उचलला, ओठांना लागेल इतका जवळ घेतला, आणि वर न जाता खाली गेली. इतकी खाली, की ते गाणं आहे की कोणी शेजारी बसून आपल्याशी बोलतंय, हे कळेना. जिथे सूर पुरत नव्हता तिथे ती नुसता श्वास सोडत होती. कपाशीच्या बोंडातून सरकी काढताना धागा तुटू नये म्हणून बाई जशी सावकाश ओढते, तसा एकेक शब्द येत होता. "बसली मी एकली" म्हणून ती थांबली, तेव्हा हिरवळीवर चमचा वाजला नाही. परमिट रूमच्या दारात माणसं आली होती, पण ग्लास टेबलावरच ठेवून.

रामरावांनी शेजारच्याच्या खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "आमच्याच स्टँडचं आहे हे." आणि पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.

पुन्हा म्हणतानाही निजामुद्दीनला काळी दोनच दाबावी लागली. आता कोणी दुसरी पट्टी मागत नव्हतं.

शनिवार नुजहतचा झाला. हार्मोनियमला निजामुद्दीन राहिला, कारण शहजादची अट होती. त्यापुढे जे झालं ते भराभर झालं. तिने आणखी गाणी जोडली: जिनिंगच्या बंद फाटकापाशी अजून डबा घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याचं, लग्नात उरलेल्या मेंदीचं. सारी वऱ्हाडीत, सारी तशीच खालच्या आवाजात. मोबाईलच्या दुकानातून ती मेमरी कार्डात भरून मिळू लागली. ढाणकीच्या बाजारात, मुकुटबनच्या जीपमध्ये तिचा आवाज ऐकू यायचा. यवतमाळहून बोलावणं आलं, मग नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलातून.

निजामुद्दीनची खरी शिक्षा वेगळीच होती. जिथे जाई तिथे नुजहत माईकवर सांगे, "ही पट्टी मले निजामचाचानं देल्ली." लोक येऊन त्याचे हात हातात घेत. "काय कान आहे तुमचा, मास्तर. पोरीचा आवाज कुठी लपला होता, बरोबर वळखलं." तो मान खाली घाले. लोकांना तो विनय वाटे. त्याला वाटे, हिने एकदा तरी मला शिव्या घालाव्या.

जोहराबीने एवढंच म्हटलं होतं, त्या शनिवारीच रात्री, पांघरूण झटकत. "बोटं चुकली म्हणता. तुमची बोटं माह्यापाशी कधी खोटं बोलली नाई." तो भिंतीकडे तोंड करून निजला. तिने पुन्हा विषय काढला नाही.

नागपूरला कायमची जायच्या दिवशी नुजहत दुकानात आली. शहजादने आता अट सोडली होती; त्याची जीप बाहेर उभी होती. निजामुद्दीन एका मोटारीची जळकी तार सोडवत होता.

"चाचा, निघाली."

"जा. तिथं वादक चांगले भेटतीन."

"भेटतीन." ती त्याच्या हातांकडे पाहत होती. "त्या दिवशी मले वाटलं, तुमी मले पाडूनच राह्यले."

त्याचे हात थांबले.

"वर पाह्यलं त जागा नोती," ती म्हणाली. "म्हणून खाली पाह्यलं. खाली जागाच जागा होती, चाचा. तुमी नसतं ढकललं त मी कायले पाहते?"

"मंग लोकाइले खोटं काहून सांगत गेली?"

"खोटं कुठी आहे? पट्टी तुमीच देल्ली न." मग ओढणी सारखी करत ती हसली. "आन तुमचं तोंड पाहाले मजा येत होती."

बाहेर हॉर्न वाजला. निजामुद्दीनला हसू आलं, आणि हसताहसताच मनात आलं: एवढं मोठं मनही हिच्यापाशीच असावं?

पुढच्या शनिवारी गादी त्याची होती. भीमसिंगने नवी चादर घातली होती. निजामुद्दीनने दोन कव्वाल्या म्हटल्या, चमचे वाजत राहिले. मग रामरावांनी टेबलावरून हात केला.

"मास्तर, ते रुमालाचं म्हणा न."

श्रावणने त्याच्याकडे पाहिलं. निजामुद्दीनने भाता उघडला. बोटं हलवावी लागली नाहीत. गाणं होतंच काळी दोनमध्ये, त्याच्याच पट्टीत. पहिली ओळ त्याने जिनिंगच्या आवाजात फेकली. दोन टेबलं दचकली. तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा माईक तोंडाजवळ घेतला. दुसरी ओळ हळू आली, घोगरी, मधेच वाऱ्यासारखी पोकळ. चमचे थांबले. लोक त्याच्याकडे पाहत होते आणि ऐकत होते तिला, हे त्याला डोळे मिटूनही कळत होतं. तरी त्याने गाणं शेवटापर्यंत नेलं, आणि बरं नेलं.

बियाण्याच्या कंपनीचा एक नवखा पोरगा उठून जवळ आला. "काका, हे तुमीच जोडलं का?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. नुजहत नागपुरात होती.

"माहं असतं," निजामुद्दीन भाता बंद करत म्हणाला, "त मी इथं कायले बसलो असतो? शहजादच्या नुजहतचं आहे. नाव ध्यानात ठेव."

मग त्याने श्रावणला विचारलं, तिचं ते मेंदीचं गाणं तुला येतं का.