चावडीत जाहीर वाचा म्हटलं, आणि…

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर चहाचा ठसका लागेल. ठरत आलेलं माझं लग्न मी स्वतःच मोडायला निघालो होतो, आणि तेही गावाच्या भल्यासाठी!

गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव कान्ह्याजवळ. त्या साली इंद्रायणीला पूर आला आणि काठची भातखाचरं गाळानं भरली. सरकारनं मदत जाहीर केली: ज्याचं भात गेलं त्याला शेतसारा माफ, वर पुढच्या हंगामाचं बियाणं. छान! पण आधीच्या पुरात काय झालं होतं? मदत मिळाली पाटलाच्या मेहुण्याला, आणि त्याचं शेत टेकाडावर! तिथं चढायला नदीनं आधी जिना बांधायला हवा होता.

मी ऐन विशीतला, डोकं कायम तापलेलं. म्हटलं, हे दाराआडचं चालायचं नाही. कुणी काय नुकसान सांगितलंय ते चावडीत सगळ्यांसमोर वाचा! गावभर हेच बोलत फिरलो.

आता घरची भानगड ऐका. वडील नव्हते, म्हणून सोयरिकीचं मी आणि आईच बघत होतो. घोरावाडीचे सखाराम आबा मुलगी द्यायला तयार होते. पूर ओसरल्यावर ते घर बघायला आले. पोरीला पोटभर मिळेल ना, एवढंच त्यांना हवं होतं. मी छाती काढून सांगितलं, आमच्या खाचराला पुराचं पाणी शिवलंसुद्धा नाही. आणि वरच्या अंगाचं चुलत्याचं हिरवंगार भात आपलं म्हणून दाखवलं!

तलाठ्याला काय सांगून बसलो होतो? सगळं गेलं, काडी उरली नाही. खरं विचाराल तर अर्धं गेलं होतं, अर्धं उभं होतं. पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मामलेदार चौकशीला आले, नेमके त्याच दिवशी आबा तारीख ठरवायला आले. मला वाटलं, वाचलं जाईल ते पाटलाच्या मेहुण्याचंच; सासऱ्याला जावयाचा दरारा दिसू दे. हाताला धरून त्यांना चावडीत नेलं आणि अगदी पुढं बसवलं.

मग उभा राहून जाहीर वाचनाची मागणी केली. पाटलानं मिशीवरून हात फिरवला.

"लय बराबर बोलतोय," तो म्हणाला. "रावसाहेब, सुरवात ह्याच्यापासनंच करा."

तलाठ्यानं माझं नाव वाचलं, आणि पुढं खणखणीत आवाजात: सर्व भात वाहून गेले, घरात खाण्यास दाणा नाही, कुटुंब परागंदा होण्याच्या बेतात. परागंदा हा शब्द तलाठ्याचा, पण खाली सही माझी!

"हे खरं आहे का?" मामलेदारांनी विचारलं.

सांगा, काय बोलू? हो म्हटलं तर बायको गेली, नाही म्हटलं तर मदत गेली. पण मुलगी मनात भरली होती हो!

"न्हाई रावसाहेब. अर्धंच गेलंय."

"मग मला दावलं ते हिरवं भात?" आबांनी विचारलं.

"ते चुलत्याचं."

चावडी हसून लोळायची बाकी राहिली. मामलेदारांनी माझं नाव खोडलं आणि पुढचं वाचू का म्हणून गावाला विचारलं. तर जो तो आढ्याकडं बघायला लागला! प्रत्येकाला आपापलं परागंदा आठवलं असणार. नको, कशाला वेळ घालवायचा, असं सगळेच म्हणाले. पाटलाच्या मेहुण्याला त्याही साली बियाणं मिळालं. खरोखर भात गेलेला आणि मदतही न मिळालेला गावात एकटा मी!

लग्न? झालं ना. आबा उठले, धोतर झटकलं.

"पोरगी देतो," म्हणाले. "एकट्यात इचारलं की खोटं बोलतोय, पन चारचौघांत इचारलं की खरं बोलतोय. तेवढं मी तिला सांगून ठेवीन."

सांगून ठेवलं, अगदी नीट. आजही बायकोला माझा संशय आला की ती मला काहीच विचारत नाही. आधी शेजाऱ्यांना बोलावते.