पाटीवरचं नाव

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या ओढ्यात वीतभर लांबीचा एक मासा आहे. चपटं तोंड, खाली लालसर पर. पुस्तकात तो रेडफिन पिकरेल. शिकागोकडच्या त्याच्या भावंडाला ग्रास पिकरेल म्हणतात. इथले गळ टाकणारे मात्र त्याला सरळ मड पिकरेल, म्हणजे चिखलातला, म्हणून मोकळे होतात.

दादाराव रामटेके नोकरीने केमिस्ट, मूळचे नागपूरकडचे. दर वसंतात जाळी लावून हे मासे मोजायचे, मापं घ्यायची आणि जिवंत सोडून द्यायचे, हा त्यांचा चौदा वर्षांचा नेम. हौसेला मोल नसतं म्हणा, पण कंबरभर गार पाण्यात उभं राहायला हौसही तशीच दांडगी लागते.

यंदा टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ओढ्याकाठी पाटी लावायचं ठरवलं आणि मजकूर त्यांच्याकडे पाठवला. मथळा होता मड पिकरेल. दादाराव भडकले. लाल परांचं देखणं जनावर आणि त्याच्या कपाळी चिखल का मारायचा, असं म्हणत त्यांनी लांबलचक ईमेल लिहायला घेतलं. मुलगी पायल शेजारी बसून वाचत होती. तिने मजकुराच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे त्यांचं नोकरीतलं नाव होतं, नोंदी: डेव्ह रामटेके.

"अँड धिस इज ओके, बाबा?"

दादारावांचे हात थांबले. मग जे तिला कधीच सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. तिच्या आजोबांचं नाव कचरू. त्यांच्या वस्तीतल्या पोराला चांगलं नाव ठेवलेलं गावाला खपत नसे. म्हणून त्यांनी मुलाचं नाव मुद्दाम दादाराव ठेवलं. गाव दाद्याच म्हणायचं, पण हजेरी घेताना मास्तरांना रोज दादाही म्हणावं लागे आणि रावही.

"माझ्या बापाने अख्ख्या गावाशी वैर घेऊन दिलेलं नाव," ते म्हणाले, "मी एका मॅनेजरची जीभ अडखळू नये म्हणून टाकून दिलं."



दुसऱ्या दिवशी ते स्वतः टाउनशिपच्या ऑफिसात गेले. माशाचं नाव बदलायला तिथल्या बाईंनी लगेच होकार दिला. मग डेव्हच्या जागी घालायला दादारावांनी आपलं नाव सावकाश सांगितलं. बाईंना ते तिसऱ्या खेपेला नीट म्हणता आलं.

गाडीत येऊन बसल्यावर त्यांना रडू आवरेना. हे ज्याला सांगायचं, तो बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती.