नळी पुसायची नाही

नागपूर सोडलं त्या सकाळी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या दोन्ही बॅगा शेजारच्या लाकडाच्या वखारीत नेऊन काट्यावर तोलून आणल्या. एक साडेएकोणीस किलो भरली, दुसरी वीसला शंभर ग्रॅम कमी. १९८१ चा मे महिना होता, नऊ वाजताच रस्ता तापला होता. आई रडली नाही, तिने बॅगांची कुलपं पुन्हा एकदा ओढून पाहिली. रिक्षा सुरू झाली तेव्हा दादा "जयभीम" म्हणाले आणि वाकून आत बघत म्हणाले, "काम असं कर, की कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये."

अमेरिकेत ईडन प्रेरीला आलो आणि पहिल्याच जानेवारीत पारा उणे तीसवर गेला. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस धरला तर फरक पंच्याहत्तर अंशांचा. दादांचं वाक्य मात्र मी दोन्ही तापमानांत पाळलं. व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज तपासायचं माझं काम. पाच वर्षांत माझ्या कामात दोन चुका निघाल्या, दोन्ही मीच काढल्या. डबा मी माझ्या टेबलावर एकटाच खायचो. शेजारी हात हलवायचे, मीही हलवायचो. त्यापलीकडे कुणाशी संबंध नव्हता, आणि त्याचं फार वाटतही नव्हतं.

माझी मुलगी मेधा चौथीत गेली तेव्हा तिच्या शाळेच्या स्की क्लबला मदतीला पालक हवे होते. मी गेलो. टेकडी आमच्या सीताबर्डीपेक्षा फार उंच नसेल. त्या दिवशी मी एकतीस वेळा पडलो. परतताना गाडीत मेधा म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू कम नेक्स्ट टाइम." ती हे प्रेमाने म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

त्याच टेकडीवर शनिवारचे इन्स्ट्रक्टर तयार करायचा बारा आठवड्यांचा वर्ग होता. मी एक्केचाळीस वर्षांचा. माझी बायको सुलभा म्हणाली, "हाडं मोडून घ्या खुशाल. मला गाडी चालवता येत नाही, एवढं लक्षात ठेवा." मी मेधाला सांगितलं, पुढच्या हिवाळ्यात तुमचा ग्रुप मी शिकवीन. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "प्रॉमिस?" म्हणाली. मी हो म्हटलं.

शिकवणारा रुबेन अर्जेंटिनातल्या मेंडोसाचा. जून ते सप्टेंबर, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, तो अँडीजमध्ये स्की शिकवायचा, डिसेंबर ते मार्च आमच्याकडे, कारण त्याची बायको इथली. अकरा वर्षांत त्याने बावीस हिवाळे काढले होते. मी विचारलं, मग उन्हाळे किती? तो म्हणाला, "विमानाच्या खिडकीतून दिसतात." मला तो 'इन्हेन्येरो' म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. मी उताराचा कोन मोजायला लागलो की म्हणायचा, "इन्हेन्येरो, डोंगराला ड्रॉइंग वाचता येत नाही. गुडघे वाकव."

रविवारी तो आम्हाला घरी बोलवायचा. निखाऱ्यांवर चार-चार तास मांस भाजत ठेवलेलं, कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं, न कळवता आलेली माणसं, आणि निघतो म्हटल्यावरही दारात आणखी तासभर गप्पा. त्याच्या बायकोच्या माहेरची माणसं दोन वाजता घड्याळ बघून उठायची. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत बसायचो. सुलभा म्हणाली, हे लोक थेट आपल्याकडचे वाटतात. तिला स्पॅनिश येत नव्हतं, त्याच्या मावशीला इंग्रजी येत नव्हतं, आणि दोघी बोलत असायच्या.

शनिवारी सराव संपला की आम्ही सात जण टेकडीखालच्या लाकडी खोलीत बसायचो आणि रुबेन माते करायचा. हा त्यांच्याकडचा कडू पाला. वाळलेल्या भोपळ्याच्या छोट्या कपात तो भरायचा, वर गरम पाणी, आणि सगळ्यांना मिळून धातूची एकच नळी. एकाने पिऊन कप रुबेनकडे परत द्यायचा, त्याने पुन्हा पाणी ओतून पुढच्याला द्यायचा. मी पिऊन झालं की खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून नळी नीट पुसायचो आणि मग कप परत करायचो. दर शनिवारी.

आठव्या शनिवारी रुबेनने पुसलेला कप हातात घेतला आणि बाजूला ठेवून दिला. म्हणाला, "इन्स्ट्रक्टर म्हणून मी तुझं नाव देणार नाही. वळणं तुला जमतात. पण नाकं गळणारी पोरं गुडघ्यांत धरून खाली आणावी लागतात. तुला आमचीच किळस येते, त्यांची नाही येणार?"

मला आधी मेधा आठवली. मग मी म्हटलं, "मी पिण्याआधी पुसतो की प्यायल्यावर?"

रुबेनने विचार केला. "नंतर."

"माझा नंबर याच्यानंतर असतो," आमच्यातली लोइस म्हणाली. ही बासष्ट वर्षांची, गाईंचा गोठा विकून स्की शिकवायला आलेली. "मला वाटायचं, मॅनर्स असतील."

मग मी सांगितलं. दादांना गावच्या शाळेत पाणी ओंजळीत, वरून मिळायचं. पुढे शहरात नोकरी लागली, एका सहकाऱ्याने घरी चहाला बोलावलं. निघाल्यावर दादा छत्री विसरली म्हणून परत फिरले, तर त्या घरची बाई त्यांचा कप राखेने घासत होती, एकदा नाही, तीनदा. त्यानंतर दादांनी कुणाला ती संधीच दिली नाही. कुठेही गेले की आपला कप आपणच धुऊन, पुसून ठेवायचे. आम्हा चार भावंडांना हे पाढ्यांच्या आधी शिकवलं. नळी मी माझ्यासाठी पुसत नव्हतो. माझ्यानंतर जो पिणार, त्याच्यासाठी पुसत होतो.

सगळं मिळून चार-पाच मिनिटं लागली असतील. अमेरिकेत सहा वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मराठी मंडळातही नाही. तिथे तर नाहीच.

रुबेनने सांत्वन केलं नाही. त्याने कपात पाणी ओतलं आणि माझ्यासमोर धरलं. "रुमाल खिशात राहू दे."

मी प्यायलो. हात सवयीने खिशाकडे गेला, तो मी मांडीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने कप परत दिला. रुबेनने पाणी ओतून तो लोइसला दिला. ओली नळी तशीच तोंडात धरून ती तिच्या पिकअपच्या बॅटरीबद्दल बोलत राहिली. थंडीने बसली होती म्हणे, कुणाकडे जंपर केबल आहे का? मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथे काहीच झालं नाही.

रुबेनने नाव दिलं. पुढच्या हिवाळ्यात नऊ मुलांचा ग्रुप मिळाला, त्यात मेधा. तिची एकच अट होती, "नो पिल्लू इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी." नऊ मुलांची नाकं मी त्याच रुमालाने पुसली.

हे सगळं मी दादांना कळवलं होतं. तेवीस दिवसांनी उत्तर आलं. "पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. काल शेजारी चहा घेतला. कप तसाच ठेवून उठायचं ठरवलं होतं. दारापर्यंत गेलो आणि परत फिरून धुतला. या वयात हात ऐकत नाही. मेधाला हे शिकवू नकोस."

ते पत्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. मला इथे येऊन आता आठ वर्षं झाली, त्याआधीची पस्तीस तिकडची. आकड्यांनी ठरवायचं तर घर नागपूरच. पण मेधा शाळेतून येते, अर्धा ग्लास दूध पिते आणि ग्लास टेबलावर तसाच टाकून खेळायला जाते. सुलभा तिच्या नावाने ओरडते. मी तिथे बसून उरलेलं दूध पिऊन टाकतो.