एस तसाच राहू दे

विनयामावशी कुणाच्या घरी गेली तर खुर्चीसुद्धा सरकवून बसत नसे. असेल तिथेच टेकायची. १९९० साली ती चंदीगडच्या एका रुग्णालयात संगणकाचं काम पाहायची. हवाई दलातल्या काकांची बदली झाली, तरी ती मागे राहिली. पंजाब तेव्हा दहशतवादानं धुमसत होता; कर्फ्यू कधी लागेल सांगता येत नसे, आणि कुठे स्फोट झाला की रक्त लागे.

रक्तदात्यांची यादी देणारा प्रोग्राम तिचाच. आज्ञेपुढे ‘एस’ हे अक्षर टाइप केलं की यादी शहरातल्या सेक्टरांप्रमाणे लागायची. रक्तपेढीतल्या हरदितसिंगांनी त्या आज्ञेवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने स्वतःहून पाळायच्या आज्ञांची फाइल, बेतली होती. ती रोज संध्याकाळी आपोआप चाले आणि यादी छापे. ड्रायव्हर कृष्णा त्याच क्रमाने एकेका सेक्टरातून माणसं घेऊन येई.

त्या उन्हाळ्यात हरदितसिंग आजारी वडिलांसाठी तरनतारनकडच्या गावी गेले आणि तिकडेच अडकले. फोन लागेना. नेमके तेव्हाच विभागप्रमुख डॉक्टर श्यामकांत म्हणाले, “विनयाबाई, एसनं यादी तारखेप्रमाणे लावा. रक्त देऊन ज्याला बरेच महिने झालेत, तो वर.”

“मग गाडी सेक्टर बत्तीसमधून त्रेचाळीसला जाईल आणि परत बत्तीसला येईल, सर. कर्फ्यूत.”

“हरदितची स्क्रिप्ट बदला की.”

“ती बदलेन. पण एस आणखी कुणी कुठे लिहून ठेवलाय, मला कुठे ठाऊक?”

तारखेसाठी तिने नवं अक्षर दिलं, ‘टी’. एसला हात लावला नाही. फक्त एस वापरणाऱ्याला कळावं म्हणून एक ओळ घातली: तारखेप्रमाणे यादी हवी असल्यास टी वापरा.

दुसऱ्या दिवशी कृष्णा कागद नाचवत आला. “मॅडमजी, ये पहला डोनर कौन है? न सेक्टर, न फोन. मैं गेट पे ही खड़ा रह गया!”

सूचना यादीतच छापली गेली होती. मावशी हसली, पण हसू टिकलं नाही. त्याच दुपारी तिने ती ओळ यादीतून काढून वेगळ्या वाटेला लावली. पडद्यासमोर कुणी असेल तर त्याला ती दिसे. स्क्रिप्ट आपोआप चालली, की ती स्क्रिप्टच्या मालकाच्या, म्हणजे हरदितसिंगांच्या, संगणकावरच्या टपालात जाऊन पडे.

“दोन-दोन अक्षरं किती दिवस बाळगायची?” सर अधूनमधून विचारत.

“राहू दे, सर. एसला काही खायला लागत नाही.”

हरदितसिंग थंडीत परतले. वडील गेले होते. त्यांनी टपाल उघडलं, तर पडदाभर एकच ओळ, पुन्हा पुन्हा.

“दीदी, रोज एक ही चिट्ठी?”

“रोज आपकी लिस्ट निकली, इसलिए.”

ते शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश गेले. मग त्यातली एकच चिठ्ठी ठेवून बाकी सगळं टपाल पुसलं. शेजारच्या प्रिंटरवर त्या दिवशीची यादी छापून होत आली होती. कृष्णाने कागद फाडून घेतला, वरचा सेक्टर पाहिला आणि गाडीकडे निघाला.