आधी खेळ सांगा

सगळा बाजार त्यांना दाजी म्हणायचा. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी, समोरच्या दुकानातल्या मेव्हण्याचे. पण मेव्हण्याचा आवाजच असा होता की त्याने रस्त्यापलीकडून दिवसातून वीसदा "ओ दाजी!" केलं की ती हाक येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाला चिकटून बसायची. मग चहावाला दाजी म्हणू लागला, कुरिअरवाला म्हणू लागला, आणि एकदा तर खुद्द सासऱ्यांनीच फोनवर "दाजी आहेत का?" असं विचारलं. त्या दिवसापासून आपल्याला दुसरं नाव आहे हा हट्ट दाजींनी सोडून दिला.

दाजी कॉम्प्युटर जुळवायचे, खास करून गेम खेळणाऱ्यांचे. स्वतः मात्र जन्मात एक गेम खेळले नव्हते; पडद्यावर कुणी पळायला लागलं की त्यांना गरगरायचं. गिऱ्हाईक नवं मशीन तपासायला गेम लावायचं तेव्हा दाजी फक्त कोपऱ्यातला आलेख बघायचे. प्रोसेसरच्या आत राबणाऱ्या एकेका कोअरची एकेक रेघ. लढाई कुठे चालली आहे, कोण मेलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आत कोण राबतंय आणि कोण बसून खातंय एवढं त्यांना दिसायचं, आणि जगाबद्दल याहून जास्त कळून काय करायचं असतं, असं त्यांना वाटायचं.

त्यांच्या दुकानावर साधी पांढरी पाटी होती, अक्षरं त्यांनीच रंगवलेली: आधी खेळ सांगा. मेव्हण्याच्या दुकानावर दिव्यांची झगमगती पाटी होती: जास्त कोअर, जास्त जोर. दोन पाट्या अठरा वर्षं एकमेकींकडे डोळे वटारून बघत होत्या.

कुणी आत येऊन "सोळा कोअरचा द्या" म्हणालं की दाजी स्क्रूंची साबणदाणी बाजूला सारून प्रवचनाला बसायचे.

"हापिसात बारा कारकून बसवले, पण प्रत्येक कागदावर सही एकाच साहेबाची. साहेब सुस्त असला तर बारा जण काय करतील?"

"चहा पितील," गिऱ्हाईक म्हणायचं.

"बरोबर. बहुतेक गेम तसेच आहेत. एक कोअर सह्या करतो, दोनचार पळापळ करतात, बाकीचे खुर्च्या गरम करतात. तेव्हा साहेब चपळ घ्या, हाताखाली सहा-आठ जण बास. उरलेला खिसा ग्राफिक्स कार्डावर मोकळा करा, चित्रं तेच काढतं. सोळा कोअर आणि फाटकं कार्ड म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पण आधी खेळ सांगा. खेळ कोणता?"

हा शेवटचा प्रश्न म्हणजे दाजींचा सगळा धंदा. त्याच्या जोरावर ते सांगत सुटायचे, की अठरा वर्षांत माझ्या दुकानातून गेलेलं मशीन परत आलेलं नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

एके दिवशी दुकानात नकाशाबाई आल्या. हे नावही बाजाराचंच. बाईंनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढले होते. त्यातले चार रस्ते प्रत्यक्षात झाले, तेही भलतीकडे. आता त्या निवृत्त होत्या, चष्मा दोरीला, पेन्सिल अंबाड्यात.

"गेमसाठी मशीन हवं आहे," त्या म्हणाल्या.

दाजींनी त्यांच्याकडे बघितलं, अंबाड्याकडे बघितलं आणि गालात हसले. "काय मग, पत्ते? की ते रंगीत मणी जुळवायचे?"

बाईंनी क्षणभर चष्म्यावरून पाहिलं. "घरं बांधते," एवढंच म्हणाल्या.

"वा, छान." पत्त्यांची घरं, दाजींनी मनात लिहून टाकलं. चार कोअरचा चपळ प्रोसेसर, बेताचं बरं कार्ड, आवाज न करणारा पंखा. बाई खूश होऊन गेल्या.

गल्ल्यावर बसलेली बायको बिलाची वही मिटत म्हणाली, "अहो, खेळ नाही विचारलात."

"विचारला की."

"विचारलात तुम्ही आणि उत्तरही तुम्हीच दिलंत."

"तू बिलं बघ."

चार महिने गेले. एका सकाळी बाई रिक्षातून उतरल्या आणि मागून रिक्षावाल्याने पुठ्ठ्याचं मोठं खोकं काउंटरवर ठेवलं. दाजींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. रस्त्यापलीकडे मेव्हण्याचं डोकं शटरखालून बाहेर आलं.

"ओ दाजी! परत आलं का हो?"

"तुझं दुकान सांभाळ!"

पण मेव्हणा रस्त्याच्या अर्ध्यात पोचला होता. ज्या क्षणाची माणूस अठरा वर्षं वाट बघतो, त्या क्षणी तो दुकान सांभाळत नाही.

"काय झालं बाई?" दाजींनी विचारलं.

"माझं गाव थांबतं," नकाशाबाई म्हणाल्या.

मशीन लावलं. पडद्यावर नदी आली, नदीवर सात पूल, पुलांवर ट्रॅम, टेकडीवर शाळा, आणि दूरवर पसरत गेलेली घरं. खालच्या कोपऱ्यात आकडा होता: लोकसंख्या एक लाख वीस हजार. एक ट्रॅम पुलाच्या मधोमध थबकली होती. थोडी सरकली. पुन्हा थबकली. फाटकातून निघालेला एक माणूस पाय उचलून तसाच उभा होता, आपण घरी काय विसरलो ते आठवत असल्यासारखा.

"सुरुवातीला छान पळायचं," बाई म्हणाल्या. "वस्ती वाढली तसं मंदावलं. या कोपऱ्यातल्या घड्याळाचा एक दिवस सरायला आता चार मिनिटं लागतात. कचेरीत असायचा तोच वेग."

"चार कोअर!" मेव्हण्याने खोक्यावरची चिठ्ठी वाचून टाळी वाजवली. "बाई, दाजींनी तुम्हाला बैलगाडी दिली. आणि बैलसुद्धा चारच!"

"कोअर मोजून गेम पळत नाही," दाजी तडकले. "तुझं सोळाचं आण इथे. लागली पैज. हरेल त्याने आपली पाटी उतरवायची आणि दुसऱ्याची लावायची."

"ताई, ऐकलंस? साक्षीदार तू."

"ऐकलं," बायको म्हणाली.

मेव्हणा आपल्या काचेतलं लाल-निळं चमकणारं मशीन आणायला पळाला, आणि दाजींनी सवयीप्रमाणे आलेख उघडला. चारही रेघा छताला टेकल्या होत्या. सगळ्या, सारख्या. ग्राफिक्स कार्ड जांभया देत होतं.

दाजी पडद्याजवळ वाकले. इथे साहेबच नव्हता. म्हणजे होता, पण नावापुरता. एक लाख वीस हजार माणसं, प्रत्येकाला घर, कामाची जागा, जायची वाट, आणि प्रत्येकाचा कागद स्वतंत्र. ज्याला जो कारकून रिकामा सापडेल त्याने तो उरकायचा. कारकुनांच्या खिडक्या वाढवल्या तर रांग खरोखर हटणार होती. आणि त्यांनी खिडक्या चार ठेवल्या होत्या, एका अंबाड्याकडे बघून.

मेव्हणा धापा टाकत मशीन घेऊन आला. दाजींनी आलेख झाकला.

"हे बघ," ते शांतपणे म्हणाले, "बाईंचं गाव त्यांच्या मशीनवर मुरलेलं. तुझ्यावर अन्याय नको. दोन्हीकडे कोरी जमीन घेऊ, वीस-वीस घरं बांधू आणि बघू."

"हे दाजींचं मोठेपण," मेव्हणा विरघळला.

वीस घरांच्या गावात कामच नव्हतं. दाजींचा साहेब चपळ, कार्डही बरं. सेकंदाला नव्वद चित्रं. मेव्हण्याने सगळा जीव कोअरवर आणि दिव्यांवर ओतला होता, कार्ड आत नावापुरतं; त्याची चित्रं चौसष्टच. मेव्हण्याचा चेहरा विजेचं बटण दाबल्यासारखा विझला. तो पलीकडे गेला आणि शिडी काढू लागला.

दाजींनी फडक्याला हात पुसले. हात कोरडेच होते.

"माझ्या गावात इतकी कमी माणसं," नकाशाबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पहिल्या दिवशी होती."

आवाजात तक्रार नव्हती. एकतीस वर्षं चुकीच्या जागी होणारे रस्ते बघितलेल्या माणसाचा आवाज होता तो. बायकोने बिलाची वही मिटली आणि दाजींकडे बघितलं.

पलीकडे मेव्हण्याने शिडीवर एक पाय ठेवला.

"अरे ए!" दाजी ओरडले. "उतर! इकडे ये!"

"जखमेवर मीठ कशाला चोळता दाजी?"

"ये म्हणतो ना. बाईंचं गाव तुझ्या मशीनवर लाव."

पेन ड्राइव्हवरून गाव एका दुकानाच्या मशीनमधून दुसऱ्या दुकानाच्या मशीनमध्ये गेलं. नदी आली, पूल आले. ट्रॅम पूल ओलांडून सरळ निघून गेली. पाय उचललेल्या माणसाने पाय खाली ठेवला आणि कामावर गेला. बायकोने घड्याळ लावलं होतं. गावचा एक दिवस सव्वा मिनिटात सरला.

मेव्हणा हळूच म्हणाला, "म्हणजे… मी जिंकलो?"

"हो."

"पण कशाने?"

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. अठरा वर्षं हा माणूस जास्त कोअर विकत होता आणि ते कधी कामाला येतात हे त्याला आज विचारावंसं वाटत होतं. दाजींनी आलेख उघडला, सोळा रेघा दाखवल्या, कारकून आणि खिडक्या समजावल्या. कोरी जमीन का घेतली होती तेही सांगितलं. मेव्हणा आधी लाल झाला, मग एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं.

"शिडी इकडे आण," दाजी म्हणाले.

"मग मला सोळाचंच द्या," नकाशाबाई म्हणाल्या.

"बाराचा बसवतो. त्याच मदरबोर्डवर बसेल, कार्ड आहे तेच राहू दे. तुमचं गाव दुप्पट झालं की या." दाजी थांबले. "होणार आहे का दुप्पट?"

"दक्षिणेला बंदर काढायचं आहे."

हा प्रश्न चार महिन्यांपूर्वी विचारायचा होता, हे दोघांनाही कळलं. पुढच्या आठवड्यात त्या पडद्याचा छापील फोटो घेऊन आल्या. नदीच्या खालच्या अंगाला गोल टाक्या होत्या आणि त्यांच्यावर नाव होतं: दाजी सांडपाणी केंद्र.

"रागावू नका," बाई म्हणाल्या. "ते बंद पडलं तर सगळं गाव नाकाला रुमाल लावून हिंडेल."

फोटो दाजींनी साबणदाणीच्या मागे चिकटवला.

पांढरी पाटी उतरली आणि त्यांच्याच हातची नवी लागली: जास्त कोअर, जास्त जोर. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच मजकूर. लोकांचा गोंधळ उडू लागला. मेव्हण्याकडे जायला निघालेली गिऱ्हाइकं चुकून दाजींकडे शिरू लागली, आणि शिरलेली तिथेच रमू लागली. महिन्याभराने मेव्हणा स्वतःच शिडी खांद्यावर घेऊन आला.

"दाजी, उतरवा आता पाटी."

"शब्द दिला आहे."

"मी शब्द परत देतो."

"माझ्या दुकानातून गेलेलं परत येत नाही."

"आलं होतं की एकदा!"

"म्हणून तर पाटी आहे," दाजी म्हणाले आणि स्क्रू मोजू लागले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक वर बघत बघत आत आलं. "जास्त कोअर म्हणजे किती घ्यायचे हो?"

दाजींनी तोंड उघडण्याआधीच मेव्हणा शिडीसकट वळला. "आधी खेळ सांगा."

"आणि उत्तर," गल्ल्यावरून आवाज आला, "त्यांचं त्यांना देऊ द्या."