साठाचे पाच

माझ्या बायकोचे मामा उद्या यमाच्या दारात उभे राहिले, तरी आत पाऊल टाकण्याआधी चित्रगुप्ताला म्हणतील, "तुमच्याकडे नक्की काय लिहून आलंय ते जरा वाचून दाखवा. सारांश नको, जसंच्या तसं वाचा." याबद्दल आमच्या सासरच्या गोतावळ्यात कुणालाही शंका नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल, असं मामींना वाटलं होतं. बिचाऱ्या! मसोलीच्या घराच्या ओटीवर मामा जेमतेम पंधरा दिवस बसले, आणि तेवढ्यात त्यांनी मिक्सर, दारावरची घंटा आणि शेजाऱ्यांचा पंप यांचे दोष शोधून काढले. दुरुस्त केले असं मी म्हणत नाही. दुरुस्ती त्यांच्या लेखी हमाली. दोष कुठे आहे ते कळलं की त्यांचं पोट भरतं. एकदा मामींची डाळ करपली, तेव्हा कुकरची शिट्टी, गॅसची ज्योत आणि पाण्याचं माप यांची चौकशी करत ते अर्धा तास स्वयंपाकघरात उभे होते. मामी म्हणाल्या, "डाळ करपली ते मला नाकाने कळलंय. का करपली ते कळून तुमच्या पानात काय पडणार आहे?" मामा शांतपणे म्हणाले, "उद्याची डाळ."

अशा माणसाला मी, त्यांच्या भाचीचा इंजिनिअर नवरा, हाताला धरून सर्व्हरपाशी नेऊन बसवलं. डहाणूतल्या चिकूवाल्यांच्या एका संघासाठी मी अ‍ॅप बनवून दिलं होतं. सकाळी शेतकऱ्याने मोबाइलवरून किती क्रेट चिकू निघाले त्याची नोंद करायची, सोबत फोटो टाकायचा, आणि ती नोंद बघून संघाचा टेंपो त्याच्या वाडीवर जायचा. नोंद नाही तर टेंपो नाही, इतकं सरळ. आता नोकरी सांभाळून रोज तिथे लक्ष घालणं मला जमेना, म्हणून मी मामांना चार गोष्टी शिकवल्या. चार महिन्यांत ते मला शिकवायला लागले. सर्व्हरवर त्यांच्या नावाने एक खातं उघडलं आणि गरज पडली तर मीही तेच वापरायचं ठरवलं. "वेगळं खातं कशाला मामा, घरचंच तर काम आहे," असं मीच म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

मामांचे नियम होते. पहिला नियम, काहीही बिघडलं तरी बंद करून पुन्हा चालू करायचं नाही. साऱ्या जगाचा कारभार ज्या एका उपायावर चालतो, तोच त्यांना निषिद्ध! "बंद करून चालू केलं की आजार जात नाही, जावईबापू," ते म्हणायचे, "आजाराचा पत्ता जातो." दुसरा नियम, आधी लॉग वाचायचा. सर्व्हर स्वतःशी काय काय पुटपुटत असतो त्याची ही नोंद मामा चष्मा पुसून अशी वाचायचे, की बघणाऱ्याला वाटावं गुरुचरित्राचा अध्याय चाललाय. मध्ये कुणी बोललं तर नुसता हात वर करायचे. माणूस घाबरून खोटं बोलतो, लॉगला भीती नसते, असं त्यांचं ठाम मत. तिसरा नियम, जे काही आपण बदलू ते वहीत लिहायचं. तारीख, वेळ, काय होतं, काय केलं, का केलं. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर साइट सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट कधी संपतं ती तारीख लाल शाईने गोल केलेली. मामी चतुर्थीचा उपास करायच्या आणि मामा सर्टिफिकेटचा. नवीन सर्टिफिकेट चढेपर्यंत चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

वाणगावच्या एका बागायतदाराचा त्यांना फोन आला होता, तो मी ऐकलाय. "मामा, एरर आला." "कसला एरर? डॉक्टरकडे जाऊन नुसतं दुखतंय म्हणता का? कुठे दुखतंय ते सांगा." "काहीतरी इंग्रजीत आलंय." "मग इंग्रजीत वाचा." "नाय जमत." "एकेक अक्षर सांगा, मी जुळवतो." वीस मिनिटं हा पाठ चालला. शेवटी मामा म्हणाले, "तुमच्या मोबाइलची तारीख चुकली आहे. मागच्या सालात आहात तुम्ही. आधी या सालात या."  पलीकडून आवाज आला, "मामा, तुम्ही मसोलीत बसून माझ्या मोबाइलमधली तारीख कशी वाचली?" झालं! महिन्याभरात एक बाई हरवलेल्या शेळीचं विचारायला संघाच्या ऑफिसात आली. दुसऱ्या कुणी हसून परत पाठवली असती. मामांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वही उघडून विचारलं, "शेवटची कधी दिसली? आणि त्या दिवशी तुमच्या वाडीत काय बदललं होतं?" बाई म्हणाली, काय नाय, कुंपण तेवढं नवीन घातलं. शेळी कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला सापडली, घरी यायची वाट शोधत होती.

"काय बदललं?" हा त्यांचा हुकमी एक्का. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, काहीच नाही. मामा ते कधीच मानायचे नाहीत. संघाच्या चेअरमननी सांगितलं तरी मान हलवून स्वतः तपासायला जायचे. एका माणसाचं तेवढं मानायचे, ते म्हणजे माझं. "जावईबापू नाही म्हणाले ना, मग नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि मी मेला कॉलर ताठ करून बसायचो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सुट्टीवर आलो होतो आणि सकाळी सहज संघाच्या ऑफिसात डोकावलो. मामा नेमके खाली गेलेले. चेअरमन त्यांच्या खुर्चीपाशी उभे राहून आपल्या गुजराती वळणाने वैतागत होते. "आ शू भाई, किती वेळ फिरतंय हे पान! उघडत नसेल तर तसं सांग ना, नुसतं फिरव फिरव." आता सांगायला हवं होतं की मामा येऊ द्या. पण छे! चेअरमनसमोर इंजिनिअर गप्प कसा बसेल? मी मामांच्या खुर्चीत बसलो. समोरच्याचं म्हणणं पुरं पोचेपर्यंत सर्व्हरने किती सेकंद वाट पाहायची, तो आकडा साठ होता. मी त्याचा पाच केला. पाच सेकंदांत जमलं तर ठीक, नाहीतर लगेच "पुन्हा प्रयत्न करा". फिरणं थांबलं. चेअरमन खूश, मी खूश. वहीत लिहायला हवं होतं, पण वही ड्रॉवरमध्ये होती आणि मला घरी पोपटीचं, मडक्यात भाजलेल्या शेंगांचं, बोलावणं होतं. मी निघालो आणि विसरलो.

ऑफिसात सगळं झकास चालत होतं. ज्यांच्या घराजवळ टॉवर आहे त्यांचंही चालत होतं. पण तलासरीकडच्या पाड्यांवर सिग्नल लंगडत येतो. तिथल्या मोबाइलवरून क्रेटचा फोटो चढायला अर्धं मिनिट लागतं, आणि आमचा सर्व्हर पाच सेकंदांत तोंड फिरवून मोकळा! त्या लोकांच्या नोंदी पडल्याच नाहीत, टेंपो गेलाच नाही. सर्व्हर रुसला म्हणून चिकू पिकायचा थांबतो थोडाच? काढलेला माल घरोघरी क्रेटमध्ये मऊ पडत गेला. बागा कसल्या, पाच-दहा झाडांची माणसं ती. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आपलंच बोट चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी ती चिडली. मामांनी लॉग वाचला, काही लागेना. तेव्हा त्यांनी स्कूटर काढली आणि थेट तिकडे गेले. एका घराच्या पडवीत बसून त्या घरच्या बाईच्या मोबाइलवरून नोंद करायला लावली आणि मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. दहा वेळा करून बघितलं. परत येऊन ते मला आणि चेअरमनना म्हणाले, "पाच. दर वेळी बरोबर पाच सेकंदांनी तुटतंय."

देवाशप्पथ सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यातही नव्हतं. त्या "पाच"बरोबर सगळं आठवलं. मामांनी फाइल उघडली, आकडा बघितला, आधी तो साठ केला. मग फाइल कधी बदलली ते बघितलं. दोन दिवसांपूर्वी, अकरा चाळीस. बदललं कुणी? त्यांच्याच खात्याने, त्यांच्याच कॉम्प्युटरवरून. वही उघडली, तिथे त्या वेळेला काही नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुम्ही काही बदललंत?" खोलीत संतापलेले चार-पाच शेतकरी उभे होते. आकडा बदलताना बघणारे चेअरमनही होते, पण मी पान चालू करून दिलं एवढंच त्यांना माहीत होतं, त्यातच काही बिघडलं हे त्यांना थोडंच कळलं होतं! मी म्हणालो, "नाही मामा."

कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, हा खोटं बोलतोय. मामांनी तसं केलं नाही. लॉग खोटं बोलत नाही आणि जावई खोटं बोलत नाही. मग उरलं कोण? त्यांनी वहीच्या कोऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी केलं. केलं, आणि लिहायचंही विसरलो." त्यांच्या आईची स्मृती म्हातारपणी अशीच गेली होती. शेवटी शेवटी ती मामांना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारायची. मामांनी उठून त्या शेतकऱ्यांना हात जोडले. मी तेव्हाही बोललो नाही. उद्या एकांतात सांगू म्हटलं. पण तो उद्या काही उजाडला नाही.

महिन्याभरात मामांनी काम सोडलं. संघाने शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला आणि चेअरमननी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो. लाज वाटते सांगायला, चांगलं बोललो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मामांनी शोधण्यासाठी एकच दोष घेतला, स्वतःचा. गॅस बंद केला का हे मामींना चारचारदा विचारू लागले. स्कूटर विकली, रस्ता विसरलो तर काय म्हणून. खिशात पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. मामा घरी येऊन म्हणाले, "त्यांनी लॉग कुठे बघितलाय?"

या दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावून घेतलं. जुन्या फोटोंची पेटी समोर होती. "आठवतंय तोवर मागे नावं लिहून ठेवू. मी सांगतो, तुम्ही लिहा." साठ-सत्तर फोटो झाले. आजोळचे, लग्नांचे, वरोरला समुद्रावर गेलेल्या कुठल्याशा सहलीचे. एकाही नावाला माणूस अडखळला नाही! आत्याच्या नणंदेचा मुलगासुद्धा त्यांना टोपणनावासकट आठवत होता.  मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "मामा, तो आकडा मी बदलला होता."

ते हसले. माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "भाचीने शिकवून पाठवलं वाटतं? बरं वाटावं म्हणून?" मी शपथ घेतली. ते म्हणाले, "अहो, मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही माझ्याशी खोटं बोलला असतात का?" मी म्हटलं, "बोललो मामा." "छे! खोटं बोलणारा माणूस असं कबूल करतो का कधी?"  मामी दारात उभ्या होत्या. त्यांना क्षणात पटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या मला रागावल्या नाहीत. मी निघताना एवढंच म्हणाल्या, "त्यांना पटेपर्यंत दर रविवारी यायचं. मी सांगून ते ऐकणार नाहीत."

मी जात राहिलो. दर रविवारी तेच सांगायचं, दर रविवारी ते हसून विषय बदलायचे. चौथ्या रविवारी मात्र त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि वर्षभरात पहिल्यांदा जुन्या आवाजात विचारलं, "अकरा चाळीसला तुम्ही खुर्चीत होतात, तर मी कुठे होतो?" "तुम्ही खाली गेला होतात." "कशाला?" मला कुठे माहीत होतं!  मामा स्वतःशीच बोलू लागले. "टेंपोचा ड्रायव्हर आला होता. मुलीचं लग्न ठरलं म्हणाला, पेढा दिला. मुलगा रेल्वेत आहे म्हणाला. फोनवर फोटो दाखवत होता. समोर शाळेची मधली सुट्टी झाली, पोरांच्या गोंगाटात त्याचं बोलणं ऐकू येईना म्हणून आम्ही भिंतीपाशी सरकलो." त्यांनी डोळे उघडले. "त्या शाळेची मधली सुट्टी साडेअकराला होते. अर्ध्या तासाची असते. सुट्टी संपल्याची घंटा मी खालीच ऐकली. मी खाली होतो." मग ते ताडकन उठले आणि आत ओरडले, "अगं, मी खाली होतो! ऐकलंस का? मला काही झालेलं नाही, मी खाली होतो!" मामी पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि दोघं म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून लहान पोरांसारखी रडली. मी तिथे खुर्चीत बसून होतो. माझ्याकडे बघायची कुणाला शुद्ध नव्हती.

निघताना मामा फाटकापर्यंत आले. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही खोटं बोललात याचं मला वाईट वाटायला हवं. पण आज नाही जमत हो. आज फार आनंद झालाय. उद्या-परवा वाटेल बहुतेक. पण तुम्ही रविवारी या."

त्याला आता तीन रविवार झाले. पहिल्या रविवारी मला काम होतं, दुसऱ्या रविवारी जरा कणकण होती, आणि तिसऱ्या रविवारी काही नव्हतं. मामींचा काल बायकोला फोन आला होता. मामांनी शेजाऱ्यांचा पंप पुन्हा खोललाय म्हणे, आणि रविवारी सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून ओटीवर बसतात.